लगाम ढिला सोडणारा

अड्याळला धाकट्या भावाच्या वरातीत मी घोडीवाल्याच्या बाजूने चालत होतो. त्याचा एक हात सतत घोडीच्या मानेवर होता. मी तिची जात विचारली.

"मारवाडी," तो म्हणाला. "कानाची टोकं एकमेकाले लागून रायतात. भीमथडी घोड्याचे कान सरळ."

तेवढ्यात कोणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. घोडी मागच्या पायांवर उभी झाली. भाऊ आयाळीला लोंबकळला. "लगाम ओढा," मी ओरडलो. घोडीवाल्याने उलट तो ढिला सोडला आणि तिच्याशी हळू बोलत राहिला. ती खाली आली ती त्याच्या पावलावर.

भावाला उतरवल्यावर मी विचारलं, "ओढला काहून नाही?"

"ओढला असता तं नवरदेवासकट मांगं पडली असती."

मग तो खाली बसला. मला वाटलं, स्वतःचा पाय पाहील. तो घोडीचा खूर तपासत होता.