‘पुढे’चं बटण

नव्या लॅपटॉपवर सिस्टम टाकताना आज पुन्हा तोच प्रश्न आला, ‘डिस्क साफ करून पुढे जायचं?’ नेमकं काय पुसलं जाणार, याचा पत्ता नाही. खाली मोठ्ठं निळं ‘पुढे’. हे बनवणाऱ्याला एकदा समोर बसवायला हवं.

मी मनाने थेट सौंसरच्या आमच्या जुन्या घरात पोचलो. टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं, त्याचा वास. बाबांनी घरच्या कॉम्प्युटरवर तेच बटण दाबलं होतं आणि आईच्या माघारी उरलेले तिचे सगळे फोटो गेले होते. मी ओरडलो, “तुम्हाला वाचता येत नाही का?”

जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलेले बाबा हळूच म्हणाले, “तीनदा वाचलं रे. वाटलं, मलेच समजून नाही राहिलं.”

आता बाबाही नाहीत. त्यांनी पहिलीत शिकवलं तसं ओळीखाली बोट ठेवून मी तो प्रश्न चौथ्यांदा वाचतो आहे. बाबा, मलेही समजून नाही राहिलं.