टेंभुर्णीच्या पानावरच्या शिरा

आम्ही निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल; खोकल्यानं लवकर गेले. मग आई पहाटेपासून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. तिचा हात थांबला की चूल थांबायची. त्या घरातून मी बी.एस्सी. झालो, फौजदार झालो, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अभ्यासरजा काढून धारवाडला फॉरेन्सिक सायन्सच्या एम.एस्सी.ला बसलो. "आता मेलेल्यांची शाळा काढतोस काय रं?" आमचे सर्कल साहेब म्हणाले होते.

पहिलं वर्ष संपवून सुट्टीत ठाण्यावर हजर झालो, त्या दिवसाची घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कोगनोळी रस्त्यावरच्या एका वखारीचा राखणदार आदल्या संध्याकाळी डोक्यात घाव बसून मेला होता. वखारीच्या मुकादमानं खबर दिली की, राखणदाराचं सकाळी एका हमालाशी भांडण झालं होतं. तो हमाल लॉकअपमध्ये होता. जबाब कानडीत लिहिलेला. हमालाला कानडी वाचता येत नव्हतं, पण खाली अंगठा उठला होता.

"काय लिवलंय त्यात, साहेब?" त्यानं मला विचारलं.

"तू मारलंस म्हणून."

तो आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. "भांडलो, त्ये खरं. मारलं न्हाय."

मुद्देमालात प्रेताजवळ सापडलेली एक अर्धी ओढून विझलेली बिडी होती. मुद्देमाल घरी नेता येत नाही, म्हणून मी आईलाच ठाण्यात आणलं. सर्कल साहेब हसले. "आक्का, वास घिऊन नाव सांगणार काय?"

आईनं हात न लावता वाकून पाहिलं. "ही कारखान्याच्या भट्टीत भाजल्याली न्हाय. घरातनंच उचलल्याली. आन् उलटी वळलीया. डावरीचा हात."

"डावखुरी कोण?"

"आमच्या पेठंत एकच. मुकादमाची बायकू."

साहेबांचं हसू थांबलं. तरी म्हणाले, "तुझी आई कोर्टात चालायची न्हाय."

ते बरोबरच होतं. मुकादमाचं म्हणणं, भांडण बघून तो सकाळीच शहापूरला मेहुण्याकडे गेला आणि रात्री तिथंच राहिला. पंच घेऊन आम्ही त्याच्या घराची झडती घेतली. बिडीसाठी पत्र्याच्या मापानं टेंभुर्णीचं पान कापतात, आणि उरलेली कातरण बायका चुलीला घालायला पाटीत टाकतात. मी ती पाटी सील केली. नवऱ्यानं काय जबाब दिलाय हे बायकोला ठाऊक नव्हतं. "कालच्या दुपारची कातरण हाय ती," ती म्हणाली. "ह्यांनी जेवून जाताना चार बिड्या उचलल्या न्हवं."

कोर्टाच्या परवानगीनं सीलबंद पुडकं धारवाडला आमच्या सरांकडे गेलं. बिडी ओलसर करून त्यांनी ती उलगडली. मग कातरणीचा एकेक तुकडा तिच्या कडेला लावून पाहणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सर बाजूला झाले आणि म्हणाले, "बघा."

सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बिडीच्या पानावरची शीर कात्रीचा छेद ओलांडून सरळ कातरणीत गेली होती. तिच्या फाट्याला फाटा जुळत होता, त्या फाट्याला केसाएवढा आणखी एक. किडीनं पाडलेलं भोक अर्धं इकडं, अर्धं तिकडं. मी डोळा बाजूला केला, परत लावला. असली पानं आमच्या घरात रोज शेकड्यांनी कापली गेली, आणि एकाही पानात मी हे पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

"असं दुसरं पान नसेलच का, सर?"

"आणून दाखवा. मी नोकरी सोडतो."

मोठं केलेलं छायाचित्र मुकादमापुढे ठेवलं. कुणी आवाज चढवला नाही. "हे पान तुझ्या घरचं. वखारीत कसं आलं?"

त्यानं शिरेवरून बोट फिरवलं. छेदापाशी बोट थांबलं. मग म्हणाला, "तंबाखूची पोती काढायची हुती. गाडीची वाट बघत बिडी वडत हुतो. त्यानं गाठलं. मालकाला सांगतो म्हणाला."

माणसाकडून हवा तो जबाब काढता येतो. पान मात्र असतं तेच दाखवतं. त्याआधी न वाचून दाखवलेल्या जबाबावर अंगठे मीही घेतले होते, हे लपवत नाही. पुढं कधी घेतले नाहीत.

हमाल सुटला आणि कामावर गेला. पुढल्या वर्षी मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालो.