खाऱ्या पाण्यातलं पिल्लू

नांदेडच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला की मला कोकणातली ती सकाळ आठवते. पोरगा तिकडं शाळेवर मास्तर होता, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. तीन दिवस वादळ झालं. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तरी समुद्र लालगढूळच होता. कोळ्यांनी किनाऱ्यावरून जाळं ओढायला घेतलं. दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, अशी तिथली रीत. बायकोनं पदर खोचून दोर धरला. मी म्हणालो, "म्हातारे, जाशील ओढत." ती म्हणाली, "तुमच्या घरात एवढी वर्षं टिकले, समुद्र काय करंल मला?" तिच्या वाट्यात बोटाएवढं एक पिल्लू जितं निघालं. पोराला दाखवायचं म्हणून तिनं ते समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडलं, बादली पोराच्या घरी आणली अन् ती आंघोळीला गेली. मी गोदावरीकाठचा माणूस. एवढ्या खारट पाण्यात त्याचा जीव जळत असंल, असं वाटून मी ते पाणी फेकलं अन् विहिरीचं गोड पाणी भरलं. ती येईस्तोवर पिल्लू मेलं. "माझ्या हौसेपायी गेलं ओ," म्हणून ती रडली, जेवली न्हाई. गोड पाण्यानं मेलं, हे मला शेजारच्या कोळिणीनं सांगितलं. मी बायकोला सांगितलं न्हाई. पुढं समुद्राचा विषय निघाला की ती म्हणायची, "मी पाप केलं तिथं." मी तंबाखू मळत बसायचो. ती जाऊन आठ महिने झाले. काल तिच्या फोटोपुढं बसून सगळं सांगितलं. फोटोला सांगून काही होत न्हाई.