दानूभाऊ आणि गॅरेजमधला तो स्टुडिओ

दानूभाऊ आज सकाळी गेला, आणि मला अजून त्याचा राग येतोय.

सकाळपासून फोन चालू आहेत. तुमच्या भावाने किती जणांचे आवाज जपून ठेवले म्हणे.
हो, ठेवले. अर्ध्या नगरचे ठेवले.
आमच्या आप्पांचा तेवढा नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही भिंगारला एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये राहायचो. मालकांनी मोटार विकली आणि रिकामं गॅरेज दानूभाऊला वापरायला दिलं.

आप्पा शाळामास्तर, पण लोक ओळखायचे ते कीर्तनकार म्हणून. ख्रिस्ती कीर्तन. फेटा, उपरणं, पेटी, तबला, सगळं साग्रसंगीत.
त्यांचा घसा बसत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा आवाज फार दिवस टिकायचा नाही.

दानूभाऊ म्हणाला, त्याच्या आत मी आप्पांचं अख्खं कीर्तन टेपवर घेतो.
मिलिटरी वर्कशॉपमध्ये नोकरी होती त्याची. तिथल्या एका साहेबाची बदली झाली, त्यांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर याने घेतला.

आता चर्चमध्ये मशीन न्यायचं आणि बटण दाबायचं. संपला विषय.
पण नाही. आमच्या बंधुराजांना परफेक्ट पाहिजे.

खिडकी विटांनी बुजवली. घरातल्या गाद्या उसवून कापूस गोणपाटात भरला आणि ती गोणपाटं भिंतींवर ठोकली. आम्ही आपले सतरंजीवर. पत्र्याखाली प्लायवूडचं छत. एका दाराच्या आत दुसरं दार. मशीन घेऊन स्वतः बसायला काचेआड एक कोपरा. आवाज येतो म्हणून पंखा नाही.
आई म्हणायची, याला माणूस आत कोंडायचाय की काय.

आणि एवढा डोक्याचा भुगा करून हा शहाणा एक गोष्ट विसरला. ऐकणाऱ्यांना बसायला जागाच ठेवली नाही.

आप्पा कीर्तनात एक ओळ टाकून थांबायचे. समोरून 'आमेन' आलं की मगच पुढची. त्यांची रीतच होती ती.
पहिल्या दिवशी ते आत उभे राहिले. ओळ म्हटली. थांबले. समोर कापसाची भिंत.
काचेपलीकडून दानूभाऊ पुढे चला म्हणून हातवारे करतोय.
आप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "दानू, मी कुणासमोर करू रे?"
"माईकसमोर करा ना आप्पा."

माईकसमोर! अरे, माईक कधी आमेन म्हणतो का?

मग पुन्हा तोडफोड. जागा वाढवली. आई, मी आणि आमचे याकूबमामा, असे तिघं आत दाटीवाटीने बसलो.
आप्पा रंगात आले. तेवढ्यात रस्त्यावरून मिलिटरीचे ट्रक गेले. कट.
परत रंगात आले. याकूबमामा खोकले. कट.
मामा भडकले. "दान्या, मानसं खोकनारच की. मुडदं हाओत का आमी?"

आप्पा घामाने निथळत होते. फेटा काढून त्यांनी हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून कीर्तन होत नसतं, बाळा."

जेवढं झालं होतं तेवढं तरी ठेवायचं! तर याने ते पुसलं. खराब होतं म्हणे. छत दुहेरी करतो, ईस्टरनंतर घेऊ.

ईस्टरच्या आधीच आप्पांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली ती गेलीच.

त्या दिवशी मी दानूभाऊला नाही नाही ते बोलले. आजही तेच बोलेन.

पुढे त्याच गॅरेजात भजनी मंडळं आली, शाहीर आले, चर्चचे क्वायर आले. प्रत्येकाच्या समोर दानूभाऊ एक खुर्ची ठेवायचा आणि आप्पांना धरून आणून तिच्यात बसवायचा.
आप्पा मान डोलवायचे, माणूस मनापासून गायचा. कुणी खोकलं तरी दानूभाऊ टेप थांबवायचा नाही.
कळलं होतं त्याला सगळं. उशिरा कळलं.

या विषयावर तो माझ्याशी कधी बोलला नाही. मीही त्याला सोडलं नाही. प्रत्येक नाताळाला टोमणा ठरलेला. तो खाली मान घालून करंजी खायचा.

माझ्या नातवंडांनी पणजोबांचा आवाज ऐकलेला नाही. माझ्या कानातलाही आता पुसट होत चाललाय, आणि याचा मला फार त्रास होतो.

जा भाऊ. प्रभू तुला विसावा देवो.
तिथे आप्पांची वाचा परत आली असेल. ते कीर्तनाला उभे राहिले की पुढे जाऊन बस.
आणि या वेळी त्यांना मधे थांबवू नकोस.