हातखंब्याला लागलेली बोट

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास आमचं घर रोज दुपारी हातखंब्याला जायचं. म्हणजे घर होतं तिथेच, रत्नागिरीच्या दीपगृहाजवळच्या टेकडीवर. पण मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सूर्याची उंची आणि वेळ घातली, की नकाशावरचा लाल ठिपका समुद्राकडे पाठ फिरवून सरळ महामार्ग गाठायचा आणि हातखंब्याच्या तिठ्यावर जाऊन बसायचा. जन्म बोटीवर काढलेल्या माणसाला रोज एसटीच्या थांब्यावर नेऊन उभं करायचं, म्हणजे थट्टाच झाली.

तो माणूस म्हणजे माझा मामा. मालवाहू बोटींवर अधिकारी होता. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं आली तरी त्याने सूर्याची उंची मोजायचा सेक्स्टंट सोडला नाही, आणि निवृत्त झाल्यावर तो घरी घेऊन आला. रोज दुपारी कड्यावर उभं राहायचं, सेक्स्टंटच्या आरशातून सूर्य खाली क्षितिजावर टेकवायचा, कोन वाचायचा, वेळ लिहायची, कोष्टकं उघडून हिशेब करायचा आणि आपण घरीच आहोत अशी खात्री पटली की चहा प्यायचा. मामी म्हणायची, एवढं शोधून शेवटी घरच सापडतं, तर शोधता कशाला. कोष्टकांची बारीक छपाई मामाला दिसेनाशी झाली तेव्हा मी, त्यांच्याकडे राहून घरूनच नोकरी करणाऱ्या त्याच्या भाचीने, हा हिशेबाचा प्रोग्रॅम त्याच्या मोबाइलवर करून दिला. मग त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि नंतर पहिल्यांदा सूर्य घेतला तो थेट हातखंब्याला.

सुरुवातीला आम्ही पोट धरून हसलो. तिठ्यावर उतरलाच आहात तर येताना भाजी आणा, असं मामीने बजावलं. आठवड्याने मामा हसेनासा झाला. माध्यान्हीच्या सूर्यावरून निघणारा अक्षांश अगदी बरोबर येत होता. घोळ होता रेखांशाचा, पूर्व-पश्चिमेचा. तो निघतो उतरत्या सूर्यावरून, आणि उतरता सूर्य पाण्यावर चकाकतो. सकाळी सूर्य घेऊन ताडून बघावं, तर तो आमच्याकडे डोंगरामागून येतो, खाली क्षितिजच नाही. मामाने निकाल लावून टाकला: नव्या डोळ्याला सूर्याची कड नीट दिसत नाही. खलाशी मुलांना शिकवणाऱ्या गावातल्या एका वर्गाला त्याने फोन केला, रविवारी या आणि सेक्स्टंट घेऊन जा म्हणून. मग त्याची पेटी पुसायला बसला.

"ज्याला कड दिसत नाही, त्याने हे घरात ठेवू नये," एवढंच बोलला.

मला ते सहन झालं नाही. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं आपली चूक नसावी म्हणून देव पाण्यात घालतात. मी माझीच चूक असावी म्हणून घातले. आपली वेळ आणि ग्रिनिचची वेळ यांतला साडेपाच तासांचा फरक पुन्हा तपासला. त्यातल्या अर्ध्या तासाला भलेभले प्रोग्रॅम ठेचकाळतात, माझा ठेचकाळत नव्हता. सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो, तो हिशेबही चोख निघाला. मामाच्या जुन्या कोष्टकांतली उदाहरणं घातली, उत्तरं तंतोतंत. एवढा निर्दोष प्रोग्रॅम मी नोकरीत कधी लिहिला नव्हता, आणि त्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

राहिलं मामाचं घड्याळ. पण त्याच्यावर शंका घ्यायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. चावीचं जुनं मनगटी घड्याळ, रोज सकाळी रेडिओवर लावलेलं. बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके वाजतात. मामा आधी चावी ओढून काटा थांबवायचा आणि शेवटच्या ठोक्याला ती आत दाबायचा. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. मामीचा स्वयंपाकघरात वेगळा जुना ट्रान्झिस्टर होता, तोसुद्धा ती त्या वेळी पार बारीक करायची, ओटीवर ह्यांना अडचण नको म्हणून. इतक्या वर्षांचा शिरस्ता.

शनिवारी सकाळी मी ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात चहा घेऊन उभी होते. मामी विळीवर फणसाची कोवळी कुयरी भाजीसाठी चिरत होती. हातांना तेल, तेलावर चीक. ठोक्यांची वेळ झाली तरी रेडिओ बारीक करायला तिला हात मोकळा नव्हता. तिने मला मानेने खूण केली, पण माझ्या हातात चहा. तिच्या ट्रान्झिस्टरवर ठोके वाजले आणि बातम्या सुरू झाल्या. मी दचकून ओटीकडे पाहिलं. मामा घड्याळ हातात धरून, डोळे मिटून अजून वाटच बघत होता. त्याच्यासमोर मोठ्याने लावलेला मोबाइल. ऑपरेशननंतर जुन्या रेडिओचे आकडे शोधत डोळे ताणायला नकोत म्हणून त्याच्या मुलाने मुंबईहून येऊन त्यावर रेडिओचं ॲप घालून दिलेलं. मामीकडे पहिली बातमी निम्मी झाली, तेव्हा कुठे ओटीवर ठोके वाजले, आणि मामाने मोठ्या श्रद्धेने चावी दाबली.

"मामी, हे रोज असंच?"

"नाही तर काय. ह्यांना बातमी हल्ली माझ्यानंतरच कळते," मामी चिरता चिरता म्हणाली. "मी आधी सांगितली की चिडतात. आता मी गप्प बसते."

चहा तिथेच ठेवून मी पळाले. इंटरनेटवरून येणारा रेडिओ आधी साचतो, मग वाजतो. सेकंद दाखवणारं घड्याळ माझ्या मोबाइलवर उघडून मामाच्या घड्याळाशेजारी धरलं. ते अर्धा मिनिट मागे होतं. हे आधीच का केलं नाहीस, असं कृपा करून कोणी विचारू नये. अर्ध्या मिनिटात पृथ्वी जेवढी फिरते, तेवढंच रत्नागिरीहून हातखंबा. डोळा ठणठणीत होता. ऑपरेशन आणि ॲप एकाच आठवड्यात घरात आले आणि आळ आला तो डोळ्यावर.

मामाने दोन्ही घड्याळं पाहिली. मग आत जाऊन मामीच्या ट्रान्झिस्टरकडे असा पाहत राहिला, की जणू तो आजच घरात आला होता.

दुपारी मामाचं घड्याळ माझ्या मोबाइलशी जुळवून आम्ही तिघंही कड्यावर गेलो. मामीच्या हातांचा चीक तेल चोळूनही अजून पुरता निघाला नव्हता. मामाने सूर्य टेकवला, मी आकडे घातले. ठिपका महामार्गावरून उठला आणि आमच्या टेकडीखाली, किनाऱ्यापासून जरासा आत, पाण्यात उतरला. मामीने मान डोलावली आणि चप्पल भिजेल एवढीच चूक, असा शेरा दिला. मला इतका आनंद झाला की मी तिला तेलकट हातांसकट मिठी मारली. माझ्या ओढणीवरचा चिकाचा डाग अजून गेलेला नाही.

रविवारी मुलं आली. मामाने त्यांना कड्यावर नेऊन सूर्य कसा टेकवायचा ते दाखवलं, मामीच्या हातचं सरबत पाजलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. सेक्स्टंट हवा असेल तेव्हा इथे या, म्हणाला.

सोमवारी सकाळी ठोक्यांच्या वेळी मामा ओटीवर दिसेना. तो स्वयंपाकघरात पाटावर बसला होता, घड्याळ हातात, ट्रान्झिस्टरसमोर. मामीचा हात सवयीने रेडिओकडे गेला.

"राहू दे गो," मामा म्हणाला. "मोठाच ठेव. आजपासून तुझ्या वेळेवर."

ठोके वाजले. त्याने चावी दाबली. मग दोघांनी मिळून पहिली बातमी ऐकली.