जादाबाई

शाळेत पाऊल टाकलं त्याच दिवशी गणिताच्या बाईंना नाव पडलं, जादाबाई! निकालात सगळ्यांत मागे असलेल्या शाळेवर जो शिक्षक जाईल, त्याला तीन वर्षं जादा पगार, अशी योजना होती. बाई त्यासाठीच आल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "लेकीचं शिक्षण चाललंय, मला पैसे हवेत," असं शिक्षकांच्या खोलीत तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. मग काय, नावं ठेवायला लोकांना तेवढंच पुरे!

पण बाई शिकवायला लागल्या आणि भल्याभल्यांची तोंडं बंद झाली. अपूर्णांकांचं नाव काढताच पळणारी पोरं शाळा सुटल्यावर जादा तासाला थांबू लागली. नाव तेच राहिलं, त्यातला डंख तेवढा गेला.

तीन वर्षं सरली, जादा पगार थांबला, बाईंनी बदलीचा अर्ज टाकला.

"पैसे थांबले म्हणून चाललात होय?" शिपाईमामांनी विचारलं.

"नाही हो मामा. लेक नोकरीला लागली आता. पण पाच वर्गांचं गणित, वर विज्ञानही माझ्याच गळ्यात! एकटीनं किती ओढू? जीव मेटाकुटीला आलाय. जायचं म्हटलं की पोरं डोळ्यांपुढे येतात, पण खरंच होत नाही."

वरच्या वर्गातल्या पोरींना हे कळलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. त्यांनी थेट शिक्षण कार्यालयाला अर्ज पाठवला. शुद्धलेखनाच्या नावानं आधीच बोंब! जोडून लिहायचं ते तोडून लिहिलं, 'आम्हाला जादा बाई हव्यात. नाहीतर परीक्षेत आमचं काही खरं नाही.'

शेवटच्या दिवशी बाई कपाटाची किल्ली मामांच्या हाती देत होत्या, तोच दारात एक तरुण मुलगी उभी राहिली.

"मी विज्ञानाची. इथं जादा बाई हव्यात, असा अर्ज होता ना?" तिनं आदेशासोबतची अर्जाची प्रत पुढे केली.

बाईंनी अक्षर ओळखलं. आधी खो खो हसल्या, मग पदरानं डोळे पुसत राहिल्या.

"अगं, जादाबाई म्हणजे मी! तू पण जादा पगारासाठीच आलीस ना?"

मुलगी चाचरली. "हो..."

"लाजतेस काय? मीही त्यासाठीच आले होते. जा, सातवीचा वर्ग वाट बघतोय."

मग बाईंनी किल्ली परत घेतली, बदली रद्द करण्याचा कागद मागवला आणि कारणाच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'जादा बाई मिळाल्या.'