तीन बोटं झुकलेली मान

आमच्या भांडुपच्या चाळीत साडेसात वाजल्याचं घड्याळात बघावं लागत नाही. लसणाची फोडणी आणि मालिकेचं गाणं एकदमच प्रत्येक दारातून बाहेर येतं आणि टेकडीवरचा उरलासुरला उजेड टीव्हीच्या निळ्या उजेडात विरघळून जातो. गावाकडून मी इथे मावशीकडे शिकायला आलो तेव्हा मला कोण विचारत होतं? मग एकदा ओढणी डोक्यावर घेऊन मालिकेतली सून करून दाखवली. मान तीन बोटं डावीकडे, डोळे जमिनीवर, एक श्वास आत ओढायचा, तिथेच अडकवायचा आणि मग, "तुम्ही म्हणाल तसं." शेजारच्या शिंदेकाकू हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या. "मेल्या, खऱ्या सुनेपेक्षा बरी करतोस!" तेव्हापासून रोज फर्माईश. तो अडकवलेला श्वास मालिकेत नाही हं. तो माझा, घरचा मसाला.

ओढणी प्राजूची. माझी मावसबहीण, अकरावीतली. ती स्वतः कुठे घ्यायची ओढणी! गुडघ्यांना कायम कबड्डीच्या मैदानाची लाल माती, आणि पंचाशी भांडायला लागली की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. माझ्या नकलेला सगळ्यात जोरात तीच हसायची. "दादा, परत कर ना, तो श्वास परत कर!"

मागच्या आठवड्यात तिची राज्याच्या कबड्डी शिबिरासाठी निवड झाली. आठ दिवस साताऱ्याला. फॉर्मवर काकांची, म्हणजे तिच्या बाबांची, सही हवी होती. आमच्याकडे मोठ्या गोष्टी जाहिरातींतच बोलतात, म्हणून ती ब्रेकची वाट बघत भिंतीला टेकून उभी राहिली. ब्रेक लागला. काकांनी फॉर्म वाचला, घडी घातली, सेट टॉप बॉक्सखाली सरकवला.

"आठ दिवस मुलीनं बाहेर राहायचं? नको गं बाळा."

चिडले असते तर बरं होतं. इतक्या मायेनं म्हणाले की भांडायला जागाच उरली नाही. तरी मला वाटलं, आता ही पंचाशी भांडते तशी सुटणार. प्राजूची मान तीन बोटं डावीकडे गेली. डोळे जमिनीवर. आणि तिनं तो श्वास घेतला.

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

मावशीनं कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो श्वास माझा होता. मालिकेला शिव्या घालायचीही सोय राहिली नव्हती.

"काका, जाऊ द्या ना तिला," मी म्हणालो. पण आवाज निघाला बारीक, चिरका, थेट सुनेचा. काका खो खो हसले. शिंदेकाकू दारातून, "आला बघा फॉर्मात!" मी म्हटलं, "अहो, खरंच सांगतोय." त्यावर तर टाळ्या.

प्राजू तेवढी हसली नाही. तिनं खुंटीवरची ओढणी काढली. मला वाटलं, माझ्याकडे फेकेल. तिनं ती स्वतःच्या खांद्यांवर नीट घेतली आणि पोळ्या लाटायला आत गेली.

फॉर्म अजून तिथेच आहे, शनिवारपर्यंत मुदत आहे. रोज साडेसातला मी ब्रेकची वाट बघत बसतो, आणि गावाकडून येताना माझा आवाज कसा होता, ते आठवून तसा मनातल्या मनात लावून बघतो.